मायन्यापुरती अरबी

लेकीच्या घरी राहणाऱ्या बापाला कोणी तोंडावर बोलत नाही, हे खरं. पण न बोलताही माणसं पुष्कळ बोलतात, आणि ते सगळं खंडेराव जगदाळ्यांना बरोबर ऐकू यायचं. कान शाबूत होते ना! मूळचा सातारकडचा माणूस. बायको गेलेली, मुलगा नाही, वाट्याची जमीन भावांनी गोड बोलून आपल्या नावावर करून घेतलेली. राहता राहिली एकुलती एक उषा. ती नवऱ्याबरोबर बोईसरजवळ सरावलीत पत्र्याच्या एका खोलीत संसार करत होती. त्या खोलीत कपाटाएवढी जागा खंडेरावांनी व्यापली होती आणि तीही त्यांना जास्तच वाटायची.

जावई पुंडलिक तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर खलाशी होता. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे. चेनकप्पी लावून अवजड यंत्रं उचलणारे, तोलणारे, जागच्या जागी बसवणारे जे लोक असतात त्यांना तिथं खलाशीच म्हणतात. पुंडलिक अंगानं दांडगा आणि तोंडानं गरीब. सासऱ्याला त्यानं एका शब्दानं कधी दुखवलं नाही. पण असा जावई वाईट. भांडणारा असता तर खंडेरावांनी तावातावानं ट्रंक उचलून निघून तरी दाखवलं असतं. उषा वाढताना विचारायची, "आबा, अजून एक भाकरी?" त्यातलं 'अजून' त्यांना बरोबर टोचायचं. तिच्या मनात तसलं काही नसायचं, पण टोचून घ्यायचं ठरवलेल्या माणसाला कोण अडवणार?

आपण या घराला एकदा तरी काही द्यावं, म्हणजे हे अन्न फुकटचं होणार नाही, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि देण्यासारखं त्यांच्यापाशी एकच होतं. अरबी.

ऐन उमेदीची वर्षं त्यांनी बसऱ्याच्या बंदरावर एका इंग्रजी ऑफिसात काढली होती. साहेबाची पत्रं इंग्रजीत लिहिली जायची आणि तिथल्या व्यापाऱ्यांना, शेखांना, जकातवाल्यांना अरबीत जायची. त्या ऑफिसची कामाची एक पद्धत होती. पत्राचे तीन तुकडे करायचे: मायना, मजकूर आणि शेवट. मजकूर, म्हणजे पत्रातलं जे काय खरं सांगायचं असेल ते, ऑफिसातला इराकी एफेंदी, म्हणजे तिथला शिकलासवरलेला मुन्शी, भाषांतर करायचा. मायना आणि शेवट सगळ्या पत्रांना तेच ते, म्हणून ते काम खंडेरावांकडे आलं. 'आय हॅव द ऑनर टु सबमिट' दिसलं, की 'अतशर्रफु बिअन् आरिदा अला मकामिकुमुस्सामी', म्हणजे 'आपल्या उच्च पदापुढे निवेदन करण्याचा बहुमान मला लाभत आहे'. 'आय बेग टु रिमेन, सर' दिसलं, की 'व तफद्दलू बिकबूलि फाइकिल इहतिराम', म्हणजे 'माझा परम आदर स्वीकारण्याची कृपा व्हावी'. शेखाला किती मान, जकातवाल्याला किती आणि खजुराच्या व्यापाऱ्याला किती, याचं माप त्यांच्या लेखणीत पक्कं बसलं होतं. अक्षर मोत्यासारखं. चूक म्हणाल तर औषधालाही सापडायची नाही.

पण मधला मजकूर त्यांना कधी कळला नाही. नोकरी संपेपर्यंत नाही. त्यांची अरबी म्हणजे पुढचं दार आणि मागचं दार असलेलं घर, मध्ये खोलीच नाही. आणि ही अरबी ते कधी तोंडानं कोणाशी बोलले नव्हते. राहायला हिंदी कारकुनांच्या बराकीत, जेवायला रत्नागिरीच्या आचाऱ्याच्या हातचं, आणि बाजारातले दुकानदार तर खंडेरावांपेक्षा सफाईनं हिंदुस्थानी बोलायचे. धक्क्यावरचे हमाल जी अरबी ओरडायचे ती कानावर आली की खंडेराव नाक मुरडायचे. एफेंदी लिहितो ती भाषा, आणि हमाल ओरडतात तो गलका, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

हे सरावलीत कोणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. 'उषाच्या आबांना अरबी येते' एवढ्यावर वस्ती खूश होती. शेजारची मैनाबाई तर पोराला दृष्ट लागली की त्याला यांच्यापुढे आणून बसवायची. खंडेराव आधी नाही नाही म्हणायचे, मग त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' याची अरबी पुटपुटायचे. पोर बरंही व्हायचं.

सासष्ट साली पुंडलिकच्या कंत्राटदाराचं काम आटोपलं आणि त्यानं माणसं कमी केली. त्याच सुमाराला मुंबईचा एक एजंट बोईसरला आला. कुवेतला तेलाच्या टाक्यांचं काम निघालं होतं, अवजड उचलायची सवय असलेले खलाशी हवे होते. पुंडलिकनं नाव दिलं. त्याच्या टोळीतल्या कुंभवलीच्या जिवल्यानंही दिलं. त्या दिवशी घरी येऊन पुंडलिक सासऱ्यापुढे मांडी घालून बसला. असा तो कधी बसला नव्हता.

"मामा, आता तुमची अरबी कामाला येनार बगा," तो म्हणाला. "मला शिकवा."

खंडेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ओट्यावर शिकवणी सुरू झाली. खंडेराव धुतलेला सदरा आणि काळी टोपी घालून बसायचे. हातात छडी. पुंडलिक आणि जिवल्या समोर. पहिल्याच दिवशी पुंडलिकनं आपल्याला काय हवंय ते सरळ सांगितलं.

"मामा, आधी रोजचं सांगा. पानी पायजे. दुखतंय. थांबवा, सोडा, धरा. आमच्या कामात ह्येच लागतंय."

खंडेरावांनी छडी जमिनीवर आपटली. "ती हमालांची भाषा, पुंडलिकराव. हमालासारखं बोललात की हमालाच्या रांगेत उभं करतील आणि जन्मभर तिथंच ठेवतील. तोंडातून अदबशीर वाक्य निघालं, की वरचा माणूस मान वर करून बघतो. हा कोण म्हणून विचारतो. आणि तुम्हाला रांगेतून बाजूला काढतो. लिहून ठेवा माझं."

यातलं निम्मं त्यांना मनापासून वाटत होतं. उरलेलं निम्मं असं, की 'थांबवा'ला अरबीत काय म्हणतात ते त्यांना माहीत नव्हतं. तसं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण जावयापुढे जन्मात पहिल्यांदा मान मिळालेला, आणि त्याच दिवशी 'मला येत नाही' म्हणायचं? खंडेरावांच्या जागी दुसरं कोणी असतं तरी त्याचीही जीभ अडखळलीच असती.

जिवल्या थोडे दिवस आला. घशातून आवाज काढायचा म्हटलं की त्याला हसू फुटायचं. मग एकदा त्यानं हात जोडले. "काका, आमच्या जिबेला ह्या वळत नाय. आमी आपला हातवाऱ्यानं बोलू." खंडेराव म्हणाले, "जा बाबा, तुझ्या नशिबात हमालीच आहे." जिवल्या हसत हसत गेला.

पुंडलिक मात्र चिकाटीचा. अर्थ कळो न कळो, यंत्र तोलावं तसं एकेक वाक्य तो तोलून धरायचा. कुठं उच्चार घसरला की छडी आपटलीच. 'पुन्हा' आणि 'पुन्हा'. चुकीचं एक अक्षर खंडेरावांनी पुढे जाऊ दिलं नाही. निघायच्या आधी पुंडलिकला सगळे मायने आणि सगळे शेवट तोंडपाठ झाले होते, झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणेल असे. त्या दिवसांत उषा आधी आबांना वाढायची, आणि आबा स्वतःहून 'अजून एक दे गं' म्हणायचे. एवढ्या वर्षांत अन्न त्यांना तेव्हा गोड लागलं.

पुंडलिक आणि जिवल्या बोटीनं गेले. पुंडलिकचं पत्र आलं, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. 'मामांच्या अरबीचा फार उपयोग झाला. मुकादमाने मला रांगेतून बाजूला काढले. आता सावलीतले काम आहे.' झालं! खंडेरावांना आकाश ठेंगणं झालं. चहाच्या टपरीवर, बोईसरच्या बाजारात, चिंचणीहून मासळी घेऊन येणाऱ्या बायकांपुढेसुद्धा त्यांनी ते वाक्य म्हणून दाखवलं. त्यांच्या चालण्यात फरक पडला. आता ते जावयाच्या घरी राहत नव्हते. आता जावई त्यांच्या विद्येवर जगत होता.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात पुंडलिक लांब रजेवर आला. बरोबर ट्रान्झिस्टर, उषाला साडी, मामांना घड्याळ. जिवल्याही त्याच बोटीनं आला, पण तो कायमचा. त्याचा उजवा हात मनगटापासून नव्हता. "चेनीत गेला," एवढंच तो सगळ्यांना सांगायचा. दूरदेशी कामाला गेलेल्या माणसाचं असं व्हायचंच, म्हणून लोकांनीही फार खोदून विचारलं नाही.

रजेचे सहा-सात आठवडे गेल्यावर एका संध्याकाळी दिवेलागणीला वस्ती ओट्यापुढे जमली. ट्रान्झिस्टर वाजवून झाला. मग मैनाबाई म्हणाली, "पुंडलिकदादा, ती अरबी बोलून दाखवा की! आबांनी शिकवल्याली."

पुंडलिक नको नको म्हणत होता. सगळ्यांनी गलका केला तेव्हा उठला आणि एका खोक्यावर चढला. खोक्यावर कशाला, हा प्रश्न खंडेरावांना पडला, पण ते कौतुकानं बघत राहिले. पुंडलिकनं घसा खाकरला. नसलेली टोपी सारखी केली. उजवा हात छातीवर ठेवला, डोळे अर्धे मिटले, हनुवटी वर केली आणि थरथरत्या आवाजात सुरुवात केली, 'अतशर्रफु...' मायन्यामागून मायने, आणि प्रत्येक मायन्यानंतर कमरेत असा काही वाकायचा की पोरं लोळायला लागली. मोठी माणसं पोट धरून हसत होती. उषा पदर तोंडात धरून हसत होती. खंडेरावही आधी हसले.

मग त्यांच्या लक्षात आलं. ती खाकरण्याची ढब, ती हनुवटी, ते अर्धवट मिटलेले डोळे त्यांनी आरशात पाहिलेले होते. पुंडलिक त्यांची नक्कल करत होता. आणि ही नक्कल आज, आत्ता, गमतीनं सुचलेली नव्हती. कुठं थांबायचं, कुठं वाकायचं, कुठं लोक हसतील, हे त्याला आधीच ठाऊक होतं. इतकी सफाई रोज केल्याशिवाय येत नाही.

गर्दीतून जिवल्या उठला. तो एकटाच हसत नव्हता. जाताना खंडेरावांपाशी थांबला.

"चलतो काका. आमी ह्या तिकडं रोज आयकला हाय," तो म्हणाला आणि कुंभवलीच्या वाटेला लागला.

सकाळी खंडेराव पुंडलिकला घेऊन बाहेर पडले. केंद्राच्या कामासाठी आणलेले सिमेंटचे मोठाले पाइप रस्त्याच्या कडेला पडलेले होते. त्यातल्या एकावर दोघे बसले. खंडेरावांनी आडवळणानं विचारायचं ठरवलं होतं, पण त्यांच्यानं धीर धरवला नाही.

"तिकडं रोज हेच करता?"



"मामा, राग धरू नगा," पुंडलिक म्हणाला. "गेल्यावर थोड्याच दिसांत जिवल्याचा हात चेनीत गावला. मी पळत मुकादमाकडं गेलो. चेन ढिली कर, म्हनायचं हुतं. आन् तोंडातनं काय निघावं? तुमचं पयलं वाक्य. रोज घोकल्यालं, त्येच आलं. त्यो बघतच ऱ्हायला. पुन्यांदा म्हन म्हनाला, मी म्हनलं. त्यानं आनखी दोघांना हाक मारली. समदी हसाय लागली. मी हातानं मागं दावतूय आन् तोंडानं पुढचं वाक्य म्हनतूय. मागं काय झालंय ते सांगाय मला शब्दच नव्हता, मामा. तुमी दिल्यालाच न्हाई."



"मुकादम वाईट न्हाई," पुंडलिक पुढे म्हणाला. "त्याला उमगलं तवा त्यो सवता धावला. त्यानंच चेन सोडवली. पर हात गेला त्यो गेला. करार सरंपतुर जिवल्याला त्यानं चहा वाटायला ठिवला. मागनं एकानं मला हिंदीत समजावलं. असली अरबी त्यांच्यात राजाला लिवत्यात म्हनं, ती बी कागदावर. तोंडानं कोनी बोलत न्हाई. घामानं भिजल्याला खलाशी पळत येतो आन् राजाचा मायना म्हनतो. हसू येनारच की त्यास्नी."

"मग... रांगेतून बाजूला काढलं ते?"

"काढलं की. पत्रात खोटं काय न्हाई. रोज दुपारी पिपावर उबा करत्यात. मी म्हनतो, ती हसत्यात. येगयेगळे मुकादम बघाय येत्यात. त्याच्या बदल्यात मला पानी भरायचं काम, सावलीत. बाकीच्यास्नी टाकीत उतरून आतनं घासावं लागतंय. आत वास असतोय, जीव गुदमरतोय. एक मद्रासी वर आलाच न्हाई. मी हसवतूय तवर मला उतरवत न्हाईत."

खंडेरावांना संताप आला. कोणाचा आला ते त्यांना कळेना. त्या मुकादमाचा, पुंडलिकचा, की त्या ओट्यावर काळी टोपी घालून बसलेल्या म्हाताऱ्याचा. जिवल्याला आपण 'तुझ्या नशिबात हमालीच' म्हणालो होतो, हे आठवून त्यांना स्वतःची किळस आली. आता एकच करता येण्यासारखं होतं. ते घाईघाईनं म्हणाले, "पुंडलिकराव, मी कोणाला तरी विचारतो. तारापूरला अरबी बोलणारी माणसं आहेत. पाणी, दुखतंय, थांबवा, सगळं विचारून..."

"ती येत्यात मला आता. समदी येत्यात. पयल्याच म्हयन्यात हमालांनी शिकवली."

रस्त्यावरून सिमेंटचा ट्रक गेला.

"मामा, एक मागनं हाय," पुंडलिक म्हणाला. "ती वाक्यं आता शिळी झाली. मी निघताना मुकादम जांभया द्यायला लागला हुता. मला नवी द्या. उषाला दिवस ऱ्हायल्यात, तिनं तुमास्नी सांगितलं नसंल अजून. मला टाकीत उतरून चालनार न्हाई."

"नवी," खंडेराव म्हणाले.

"व्हय. आन् एक. एकदा माजं चुकलं, तर ती कायच्या काय हसली. बरोबर म्हनल्यापेक्षा चुकल्यावर जास्त हसत्यात. तवा नुसती वाक्यं नगा सांगू. कुठं चुकायचं ते बी सांगा. आमास्नी मुद्दाम चुकाय येत न्हाई. बरोबर कुठलं त्ये नीट ठावं असनाऱ्यालाच त्ये जमतंय."

बसऱ्याला एका मायन्यात शाईचा ठिपका पडला म्हणून खंडेरावांनी साहेबाची सही झालेलं पत्र फाडून नवं लिहिलं होतं आणि वर साहेबाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. आता उठावं, ट्रंक उचलावी आणि चालू लागावं, असं त्यांना फार वाटलं. पण जायचं कुठं? आणि गेलो तरी ती टाकी तिथं राहतेच. हा दांडगा, गरीब पोरगा दोरीला धरून तिच्यात उतरतोय हे त्यांना स्वच्छ दिसलं.

"चला घरी," ते म्हणाले.

शिकवणी पुन्हा सुरू झाली. खंडेरावांनी ती मन लावून केली, कारण दुसऱ्या तऱ्हेनं काम करायला ते शिकलेच नव्हते. शेखाचा सगळ्यात भारी मायना त्यांनी मुकादमाच्या आचाऱ्याला लावला. बहुमान जिथं द्यायचा तिथं मागून घेतला. शेवट आधी आणला, मायना मागं नेला. हसू कुठं फुटेल, हे ते अंथरुणावर पडल्या पडल्या ताडून पाहायचे आणि सकाळी पुंडलिकपुढे मांडायचे. उषा दोघांना चहा आणून द्यायची. नवऱ्याला आणि आबांना असं एकत्र बसलेलं बघून तिला बरं वाटायचं.

पण पुंडलिकला ते जमेना. पहिल्या वेळी छडी आपटून आपटून पक्की केलेली जीभ होती ती. वाक्य चुकीचं सुरू व्हायचं आणि मध्येच आपोआप सरळ व्हायचं. मान, बहुमान, पदवी, सगळं जागच्या जागी, एफेंदीनं ऐकलं तर मान डोलवावी असं. रजा संपत आली तरी तेच. पुंडलिकच्या कपाळावर घाम यायचा, तो पुन्हा सुरू करायचा आणि पुन्हा स्वच्छ, बिनचूक अरबी बोलून मोकळा व्हायचा.

निघायच्या आदल्या सकाळी खंडेरावांचा तोल सुटला.

"परत बरोबर म्हणालात!" ते ओरडले. छडी इतक्या जोरानं आपटली की मैनाबाईचं पोर दचकून रडायला लागलं. "किती वेळा सांगायचं, पुंडलिकराव? टाकीत उतरायचंय का तुम्हाला?"

पुंडलिकनं मान खाली घातली. घाम पुसला, छातीवर हात ठेवला आणि सावकाश, एकेक शब्द आठवत, सगळं वाक्य चुकीचं म्हणून दाखवलं.

"हं," खंडेराव म्हणाले. "आता जमलं. असंच म्हणत जा."